परत धाडलेला मेंढा

आण्णा, परवा तुमच्या बाराव्याला जतला जाऊन आले. मांडवात बसले, जेवले, सगळ्यांशी बोलले, आणि तेवढा सगळा वेळ मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि भांडण अर्धवट टाकून उठून जायची सवय तुम्हाला होती, मला नाही.

तुम्ही गेल्याचं सुमनने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सांगलीला विश्रामबागेतल्या आपल्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये एका बाळाला चटईवर पालथं घालून त्याच्यापुढे खुळखुळा वाजवत होते. "म्याडम, आण्णा गेलं," ती म्हणाली. "सकाळी मेंढरांत उभं हुतं, तितंच खाली बसलं. उठलंच न्हाईत." मी "बरं" म्हटलं. बरं काय म्हटलं, देव जाणे. फोन ठेवला आणि पुन्हा खुळखुळा वाजवायला लागले, कारण बाळाने मान वर उचलली होती आणि अशा वेळी थांबायचं नसतं. मग त्याच्या आईने माझ्या हातातला खुळखुळा काढून घेतला आणि मला पाणी आणून दिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रडतेय.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतोय का? उन्हाळा होता. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं, आणि घोंगड्यावर बसलेली तुमची नात रेणू. मागे तुमची थोरली लेक सुमन, हातात पाण्याची बाटली आणि दवाखान्याच्या फायलींची पिशवी. जतहून एसटीने आला होतात, आणि सांगलीच्या स्टँडपासून विश्रामबागेपर्यंत उन्हातून चालत. रिक्षा का केली नाही विचारलं, तर म्हणे रेणूला रिक्षाचा आवाज सोसत नाही. रेणू तेव्हा तीन वर्षांची होती. बसवली तर बसायची, पण अंगात जोर म्हणून नव्हता. पाय जमिनीला टेकवले की गुडघे दुमडायचे. समजही तिच्या वयापेक्षा बरीच मागे होती. शब्द एकच येत होता, "ज्जा". अज्जा म्हणजे तुम्ही. तुमच्या सीमेवरच्या गावांत आजोबाला कानडीतून आलेली तीच हाक मारतात. 'आई' म्हणायच्या आधी ती अज्जा म्हणाली, याचा सुमनला अजून राग आहे.

"हिला चटईवर ठेवा," मी म्हटलं.

"कशाला?"

"मला बघायचंय तिला."

"वरनंबी दिसतीया की."

माझ्याशी रोज कुणी ना कुणी वाद घालतं, आण्णा. आया घालतात, आज्या तर घालतातच. वीस मिनिटं व्यायाम करून घ्या म्हटलं की ज्याला त्याला आपल्या लेकराची दया येते. पण पहिल्याच वाक्याला मला गप्प करणारे तुम्ही एकटेच.

मी तुम्हाला माझा नियम सांगितला. ज्या मुलाच्या स्नायूंत ताकद कमी, त्याला जमीन जास्त मिळाली पाहिजे. त्याने लोळावं, कलंडावं, धडपडावं, रडावंसुद्धा. उचलायचं नाही. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आवं म्याडम, कळप चालतो तवा एखादं कोकरू दमतंय. त्येला आमी खांद्यावर घेतो. त्येच्यासाटी कळप थांबत न्हाई. खांद्यावर घेतलेलं कोकरू म्होरं मेंढी हुतंच की."

"पण कधीतरी खाली ठेवता ना त्याला?"

"ठिवतो की. त्येच्या पायात रग आली की."

"खाली ठेवल्याशिवाय रग येणार कशी?"

यावर तुम्ही सुमनकडे वळलात. "ही बाई कुठली गं?" सुमनने मला विचारून सांगितलं, सातारकडची, मेढा गावची. "तरीच," तुम्ही म्हणालात. "पावसाच्या मुलखातली. ह्यांच्यात समदं आपसूक उगवतंय." तुम्ही तरुणपणी कळप घेऊन साताऱ्यापर्यंत यायचात, तिथल्या शेतांत मेंढरं बसवायचात, हे तुम्ही मग कायम ऐकवत राहिलात. सातारच्या उसाला गोडी आहे ती जतच्या मेंढरांच्या लेंड्यांमुळे, असं तुमचं ठाम मत होतं. मी ते कधी खोडून काढलं नाही, आणि तुम्ही मला म्याडम सोडून 'सातारकरीण' म्हणायला लागलात.

तुम्हाला खोलीबाहेर बसवायचं ठरलं ते तुमच्याच वागण्यामुळे. रेणूने "ज्जा" म्हणून नुसता ओठ काढला की तुम्ही चटईवर हजर. बूट काढून यायचं एवढं मात्र पाळलंत. बाहेर बसवलं तर खिडकीच्या जाळीला नाक लावून उभे. मग मी खिडकीला पडदा लावला. तर पडद्याच्या खालून तुमच्या काठीचं टोक दिसायचं, आणि ते बघून रेणू खुदकन हसायची. शेवटी मी हात टेकले. तुम्हाला आत घेतलं आणि तिच्यापासून लांब, भिंतीशी बसवलं. तिला तुमच्याकडे सरकावंसं वाटायचं म्हणून ती सरकायची. माझ्या कुठल्याही खेळण्यासाठी ती तेवढी सरकली नसती.

मग डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. नमुने पुण्याला गेले आणि रिपोर्ट आला. आजाराला लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते तुमच्यापैकी कुणी लक्षात ठेवलं नाही आणि ठेवायची गरजही नव्हती. डॉक्टरांनी समजावलं ते एवढंच की रक्ताच्या नात्यातून येणारा एक दोष आहे. आईबापांपैकी एकाकडूनच आला तर मूल धडधाकट राहतं. दोघांकडूनही आला तर ते रेणूसारखं होतं. सुमन आणि तिचा नवरा महादेव, दोघांच्यात तो होता. असणारच. महादेव तुमच्या बहिणीचा, आक्कांचा मुलगा.

आक्का म्हणजे काय हे मला हळूहळू कळलं. आई लवकर गेल्यावर तुम्हाला भाकरी करून घालणारी, शेळीच्या दुधावर तुम्हाला वाढवणारी थोरली बहीण. सुमन पाळण्यात होती तेव्हाच त्यांनी "ही माझ्या महादेवाची" म्हणून सांगून टाकलं होतं. मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा हक्क, हा तुमच्याकडचा रिवाजच. माझ्या माहेरीही तो आहे, आम्ही फक्त शहरात आल्यावर तो मान्य करायला लाजतो.

तुम्ही डॉक्टरांपुढून उठलात. "माझ्या आज्यानं मामाची पोरगी केली, बानं केली, मी केली. कुनाला काय झालं?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा काहीच होत नाही. नात्यातल्या लग्नांतली बहुतेक मुलं चांगलीच असतात. पण दोष दोन्हीकडे असला तर दर खेपेला चारात एक अशी जोखीम राहते. "देवाची करनी," तुम्ही म्हणालात आणि रेणूला खांद्यावर घालून चालू लागलात.

हिवाळ्यात मी तुमच्या वस्तीवर आले. घरी मूल कसं राहतं ते बघितल्याशिवाय माझं भागत नाही. रेणूच्या उपचारांसाठी सुमन आणि महादेव तेव्हा तुमच्याच वस्तीवर राहत होते. महादेव पाण्याचा टँकर चालवतो, तोच मला गावातून टँकरमध्ये बसवून माळावर घेऊन आला. मी दिवसभर बसून बघितलं. रेणू सकाळी सुमनच्या कडेवर, तिथून शेजारणीच्या, तिथून तुमच्या धाकट्या लेकीच्या, दीपाच्या, मग तुमच्या खांद्यावर. संध्याकाळपर्यंत पोरीचा पाय म्हणून जमिनीला लागला नाही. वस्तीवर प्रत्येकाला तिचा लळा, आणि लळा दाखवायची सगळ्यांची एकच रीत. मी कपाळाला हात लावला. कुणाला रागवावं तेच समजेना.

दिवस कलला तशी मेंढरं आली. तुम्ही रेणूला खांद्यावर घेऊन मला कळप दाखवायला निघालात. कान हलवणारा, रुंद कपाळाचा एक मेंढा काठीने दाखवत म्हणालात, "ह्यो आक्काच्या कळपातनं आणलाय. आमचा तिकडं जातोय, तिचा हिकडं येतोय. दोनतीन सालानं मेंढा बदलायचाच."

"का?" मी सहज विचारलं. आमच्या मेढा गावात म्हशी. मेंढरांतलं मला काही कळत नाही.

"न्हाई बदलला तर त्येच्याच लेकी वर येत्यात कळपात. रगत त्येच्यात त्येच फिरतंय. मग पिल्लं निघत्यात लुळी. उभीच ऱ्हात न्हाईत, पाय..."

आणि तुम्ही थांबलात.

रेणू तुमचा कान धरून खांद्यावर बसली होती. सुमन चुलीपाशी भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही, पण हात थांबले. मला सगळं कळलं, तुम्हाला कळलेलंही कळलं. तुम्ही काठी दुसऱ्या हातात घेतलीत, उगाच मेंढ्याला "हुर्र" केलंत, आणि म्हणालात, "चला, च्या घ्या."

त्यानंतर तुम्ही रेणूला खाली ठेवणंच बंद केलंत. सेंटरवर यायचात, पण ती तुमच्या मांडीवरून सुटायची नाही. मी एकदा चिडले. म्हटलं, आण्णा, एवढ्या लांबून तुम्ही येता ते काय मला भेटायला? घरी बसून मांडीवर घ्या की हिला. तुम्ही खाली बघून म्हणालात, "सातारकरनी, हिला मी खाली कसा ठिवू? हिचं पाय मीच काडून घेतल्यात."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मेंढरानं."

इथून आपलं खरं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, तुम्हाला माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, आणि न कळत झालेल्या गोष्टीचा गुन्हा होत नाही. तुम्ही म्हणत होतात, "मेंढराचं ठावं हुतं. मग मानसाचं ठावं न्हवतं असं म्हनू व्हय?" मी सांगितलं, आक्कांचाही हात आहे, सुमन-महादेवाचाही आहे, तुमच्या आज्याचाही आहे. मग सगळ्या वस्तीने रेणूला खांद्यावर घेऊन फिरायचं का जन्मभर? तुम्ही म्हणालात, "बाकीच्यांचं बाकीची बघतील." मी अजूनही म्हणते की तुमचं चुकत होतं. माणूस आपल्या माणसांत लेक देतो ती तिला कुणी छळू नये म्हणून, डोळ्यांपुढे राहावी म्हणून. तुम्ही सुमनला मायेपोटी दिलंत. त्या मायेला गुन्हा म्हणायला माझी जीभ धजत नव्हती, आणि तुम्ही मात्र रोज म्हणत होतात.

या भांडणात खरा जीव टांगला होता तो दीपाचा. ती जतच्या कॉलेजात शिकत होती, आणि आक्कांनी तिला धाकट्या मुलासाठी, दत्तासाठी, मागून टाकलं होतं. "थोरली दिलीस, धाकटीबी माज्याच घरात. दोघी भनी एका चुलीवर." तुम्ही शब्द देऊन बसला होतात. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की दीपा आणि दत्ता दोघांचं रक्त तपासून घ्या. एकाच्यात दोष नसला तर मुलांना भीती नाही, खुशाल लग्न करा. दोघांच्यात निघाला तर निदान कळून सवरून ठरवा. एवढंच आक्कांना सांगायचं होतं. आणि ते तुम्हीच सांगायला हवं होतं, कारण आक्का दुसऱ्या कुणाचं ऐकत नाहीत.

दीपा एकदा रेणूला घेऊन सेंटरवर आली होती. जाताना दाराशी घुटमळली. "म्याडम, दत्ता चांगला हाय वो. माझं काय त्येच्यावर वाईट न्हाई. पन रेणूकडं बघितलं की भ्या वाटतं. आन भ्या वाटतं म्हनायची लाज वाटती. ही काय भ्या वाटन्यासारखी हाय व्हय?" रेणू तेव्हा तिच्या वेणीचं टोक चघळत होती. मी दीपाला जवळ घेतलं. तिला म्हटलं, दोन्ही खरं असू शकतं. रेणूवर जीव असणं आणि पुढच्या लेकराची काळजी वाटणं. यात लाजायचं काही नाही.

तुम्हाला मी किती वेळा टोकलं, आण्णा. प्रत्येक खेपेला विचारायचे, आक्कांशी बोललात का? तुमचं ठरलेलं उत्तर. "आक्काम्होरं मान वर करून कवा बोललो न्हाई." शेवटी म्हणालात, "बिरोबाच्या जत्रंला आक्का येती. तवा बोलतो." मी जत्रेची वाट बघत बसले. माहेरच्या जत्रेची तेवढी बघितली नसेल.

जत्रा झाल्यावर तुम्ही आलात तेव्हा मी रेणूला घ्यायच्या आधी विचारलं, "बोललात?"

"न्हाई."

"का?"

"आक्काचा मेंढा परत धाडला. अवंदा लांबनं आणला, पार कर्नाटकातनं."

माझा पारा चढला. "मी दीपाच्या लग्नाचं विचारतेय आणि तुम्ही मेंढ्याचं सांगताय? ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?" तुम्ही नुसतं "हां" म्हणालात. त्या "हां"चा मला राग आला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याने पुन्हा वेळ मारून नेली.

पण त्या दिवशी तुम्ही एक गोष्ट केलीत. माझ्या सांगण्याशिवाय उठलात, रेणूला भिंतीशी उभं केलंत, तिचे दोन्ही तळवे भिंतीला टेकवून दिलेत, आणि स्वतः लांब जाऊन बसलात. हात पुढे जाऊ नयेत म्हणून ते मांडीखाली दाबून बसलात. कोकराला बोलावताना काढतात तसा जिभेचा आवाज काढलात. रेणूच्या पायांना आधाराचे स्प्लिंट बांधलेले होते, तरी गुडघे थरथरत होते. तिने एक पाय बाजूला सरकवला. मग दुसरा त्याच्या जवळ आणला. पुन्हा एक. भिंत धरून, खेकड्यासारखी आडवी, ती तुमच्या दिशेने निघाली. तिची आई तोंडावर पदर धरून उभी. आणि रेणू कलंडणार एवढ्यात तुम्ही झेपावून तिला वरच्यावर उचललंत.

"पडू द्यायचं होतं की!" मी ओरडले.

"सातारकरनी, तुझं पडू दे ऐकलं की माझ्या पोटात खड्डा पडतोय," तुम्ही म्हणालात. पहिल्यांदाच मला अगंतुगं केलंत. मग तिला खांद्यावर बसवून एसटीला निघून गेलात. आपलं शेवटचं बोलणं हेच. यापेक्षा काहीतरी बरं बोलले असते, पण मी तुम्हाला पुढच्या आठवड्यात भेटणारच होते.

एक गोष्ट मी तुमच्यापासून मुद्दाम लपवली होती. आता सांगायला हरकत नाही. तुमच्या खांद्यावर बसून बसून रेणूची पाठ सरळ झाली. तुम्ही माळावर खाचखळग्यांतून चालायचात, आणि पडू नये म्हणून ती तुमचा कान धरून तोल सांभाळायची. पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना तेवढा व्यायाम मी चटईवर देऊ शकले नसते. ती आधाराशिवाय ताठ बसायला लागली यात अर्धं श्रेय तुमच्या खांद्याचं होतं. हे मला फार लवकर दिसलं होतं. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला कधीच खाली ठेवलं नसतं, आणि वर मला मेंढराचा आणखी एक दाखला ऐकवला असता. म्हणून गप्प बसले. तुमचं कौतुक मी तोंडावर कधी केलं नाही. तुम्हीही माझं केलं नाहीत, तेव्हा फिटंफाट. पण तुम्ही दिवाळीला आमच्या घरी मेंढीच्या दुधाचा खरवस पाठवायचात, तो मी कुणाला वाटून न देता एकटी खायचे.

तर परवाचं सांगते.

मांडव माणसांनी भरला होता. जेवणं झाली आणि भावकीतल्या एका वडीलधाऱ्याने विषय काढला. घरात कर्ता गेला की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. "दीपीचं ठरल्यालंच हाय. येत्या उन्हाळ्यात उडवून टाकू. आण्णाचा शबुद हाय." चारजणांनी माना हलवल्या. दीपा स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून उभी होती. सुमनने माझ्याकडे बघितलं. दत्ता मांडवाच्या कडेला मान खाली घालून बसलेला. मला उठून बोलावंसं वाटत होतं, पण मी त्या मांडवात परकी. मी बोलले असते तर 'शहरातली बाई आमच्या घरात बोट घालती' एवढंच झालं असतं. तेव्हाच मी मनातल्या मनात तुम्हाला म्हटलं, आण्णा, जायच्या आधी एवढं एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुम्हाला?

तेवढ्यात आक्का बोलल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं, धिप्पाड बाई असेल. एवढीशी आहे हो तुमची आक्का! कमरेत वाकलेली, कपाळावर मोठं गोंदण. जागची न उठता, कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "माझ्या भावानं अवंदा माझा मेंढा परत धाडला."

कुणाला कळेना, म्हातारी आता हे कुठलं घेऊन बसली.

"उभ्या जल्मात माझ्या दारचं त्यानं काय परत धाडलं न्हवतं. मी लय रागावले. जत्रंला त्येच्या घरचा निवद खाल्ला न्हाई, तशीच माघारी गेले. मग रानात मेंढरामागं चालताना इचार केला, ह्यो गडी असा का वागला? माझ्या मेंढ्यात काय खोट हुती?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "आन मग उमगलं. ह्यो मला मेंढ्याचं सांगत न्हाई."

जमिनीकडे बघतच त्या पुढे बोलल्या.

"माझ्याम्होरं बोलायला त्येला तोंड न्हवतं. मीच ठिवलं न्हवतं. म्हनून मेंढ्याच्या हाती सांगितलं त्येनं. मी त्येला भेटून सांगनार हुते की गड्या, कळलं मला. तर त्यो थांबलाच न्हाई." मग दीपाकडे बघून म्हणाल्या, "दीपीचं आन दत्त्याचं आदी रगत तपासा. दोघांच्यात त्यो दोष निघाला, तर दीपी माझी सून हुनार न्हाई. भाची हाय, ती भाचीच ऱ्हाईल. जाईल तितं बांगड्या मीच भरीन."

भावकीतला तो गृहस्थ पुटपुटला, "पन आक्का, दिल्याला शबुद..."

"शबुद मला दिलावता. मी सोडती. तुला काय करायचंय?"

दीपा चौकटीतच खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. दत्ताने मान वर केली, आणि त्या पोराच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. सुटका दिसली. त्यालाही भीती वाटत असणार, आणि त्यालाही बोलायची लाज वाटत असणार. तुमच्या घरात सगळेच एकमेकांवर एवढी माया करतात की कुणी कुणाशी बोलतच नाही.

आण्णा, तुम्ही बोलला होतात. मी ताकाचं भांडं काढत बसले आणि तुम्ही तुमच्या भाषेत सगळं सांगून मोकळे झाला होतात. ज्याला कळायचं त्याला कळलं. आणि मेंढा परत धाडल्यावरच रेणूला भिंतीशी उभं करायला तुमचे हात धजावले, हेही मला त्या मांडवात, तुमच्या आक्कांकडे बघताना समजलं. म्हणजे आपल्या भांडणातलं निम्मं तुम्ही जिंकलात. उरलेलं निम्मं मी सोडणार नाही. तुमचा गुन्हा नव्हता, नव्हता, नव्हता.

सगळे उठायला लागले तेव्हा रेणू मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. तिला कुणी उभं केलं ठाऊक नाही, कदाचित तिची तीच उभी राहिली असेल. ती सगळ्या पागोट्यांकडे आळीपाळीने बघत होती. तुम्हाला शोधत होती. तिला काय सांगायचं आणि ती काय समजेल, हे सुमनला आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. मग ती खांबाला लागून असलेल्या घराच्या भिंतीकडे वळली. भिंत धरून, आडवी आडवी, एकेक पाय सरकवत आक्कांपर्यंत आली, भिंतीला पाठ टेकली, आणि दोन्ही हात वर केले. "ज्जा," ती म्हणाली.

आक्कांचे हात झटकन पुढे गेले आणि तिथेच थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही घरी माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलं होतंत कोण जाणे, पण अख्खा मांडव माझ्याकडे बघायला लागला. "म्याडम," आक्कांनी विचारलं, "उचलू का नगं?"

"उचला, आक्का," मी म्हटलं. "आज उचला. उद्या सकाळपासून खाली ठेवा."

त्यांनी तिला उचललं. वाकलेल्या कमरेवर ती नीट बसेना, तरी त्यांनी धरून ठेवलं. रेणूने हात लांब करून त्यांचा कान पकडला.

उद्या सकाळपासून खाली, हे मी आक्कांना सांगितलं, पण तुम्हालाही सांगायचं होतं. ते गुन्ह्याचं ओझं खूप लांबपर्यंत उचलून आणलंत, आण्णा. आता तुम्हीही ठेवा खाली.